मूकपट पाहायचा कसा?

30 एप्रिल जवळ आला की नाशिकमध्ये दरवर्षी तेच घडते. 1870 साली याच दिवशी त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले, म्हणून शाळा, वाचनालये, सोसायट्या छोटेखानी कार्यक्रम ठरवतात. भाषणे होतात, प्रतिमेला हार घातला जातो आणि शेवटी पडद्यावर त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो. पाच मिनिटांत मुले चुळबुळू लागतात, मोठी माणसे घड्याळ पाहतात. कार्यक्रम संपल्यावर तेच प्रश्न येतात. सगळी माणसे पळत का असतात? गोष्ट तर ठाऊकच आहे, मग पाहायचे काय? खरी प्रत कोणती? आमच्या सोसायटीत दाखवला तर कायद्याला चालतो का?

या प्रश्नांमागे अनास्था नाही. तुम्हाला मूकपट आवडत नाही असेही नाही. बहुतेक वेळा तो तुमच्यापर्यंत चुकीच्या वेगाने, परक्या संगीतासह आणि धूसर प्रतीतून पोहोचलेला असतो. ही तीन विघ्ने दूर केलीत तर शंभर वर्षांपूर्वीचा हा खेळ आजही धरून ठेवतो. त्यासाठी सिनेमाचा अभ्यास लागत नाही. काही निर्णय नीट घ्यावे लागतात, ते इथे क्रमाने दिले आहेत.

पहिला निर्णय: कोणता चित्रपट निवडाल?

मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट तयार झाले. त्यांतले आज हाती उरलेत ते मोजके, आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. फाळक्यांच्या कामातले सुरुवातीला पाहण्यासारखे असे:

- ‘कालिया मर्दन’ (1919): पहिल्यांदाच मूकपट पाहणार असाल तर यानेच सुरुवात करा. जवळजवळ पूर्ण कथा पाहायला मिळते. मुलांसोबत पाहायला याच्याइतका चांगला पर्याय नाही.
- ‘राजा हरिश्चंद्र’ (1913): मूळ लांबी चार रिळे, सुमारे 3,700 फूट. आज सुमारे 1,475 फूट उपलब्ध आहे, म्हणजे सुरुवात आणि शेवट. मधली कथा नाही. हे आधी सांगितले नाही तर प्रेक्षक गोंधळतात. म्हणून कार्यक्रमात दाखवताना मधला भाग कुणीतरी तोंडी सांगावा.
- ‘लंका दहन’ (1917) आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ (1918): यांचेही तुकडेच उरले आहेत. पहिले दोन पाहून झाल्यावर हे घ्या. ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. तेवढे माहीत असले तरी पाहण्याची उत्सुकता वाढते.

एक नाशिककर म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत तयार झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट इथे झाले. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली. ‘कालिया मर्दन’ त्या कंपनीचा. म्हणजे तो पाहताना तुम्ही आपल्याच गावचे काम पाहत असता.

दुसरा निर्णय: प्रत कोणती?

इंटरनेटवर या चित्रपटांच्या अनेक प्रती आहेत. निवडताना हे तपासा:

1. कृष्णधवल प्रत घ्या. संगणकाने रंगवलेल्या किंवा ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींत चेहऱ्यांवरचे बारकावे यंत्राने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. ते फाळक्यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले नसतात.
2. पाट्या शाबूत आहेत का पाहा. प्रसंगांच्या मध्ये येणारा मजकूर हा चित्रपटाचाच भाग आहे. काही जण व्हिडिओ छोटा करण्यासाठी तो कापतात.
3. चौकट कापलेली नाही ना? आडव्या पडद्यावर बसवण्यासाठी वरचा-खालचा भाग छाटलेला असेल तर पात्रांची डोकी आणि पाय तुटतात. मूळ चौकट जवळजवळ चौरस असते.
4. तो खरोखर मूकपटच आहे ना? परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) हा फाळक्यांवरचा चित्रपट. तो जरूर पाहा, पण त्यातली दृश्ये म्हणजे 1913 चा चित्रपट नव्हे. दोन्हींची गल्लत अनेकदा होते.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उपलब्ध प्रतीबद्दल एक मतभेद ठाऊक असू द्या. फाळक्यांनी हीच कथा 1917 मध्ये पुन्हा चित्रित केली होती. हाती असलेला तुकडा त्या दुसऱ्या चित्रीकरणाचा असावा, असे वीरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्यामुळे पाहण्याच्या आनंदात फरक पडत नाही, मात्र कार्यक्रमपत्रिकेवर ठामपणे ‘1913 ची मूळ प्रत’ असे छापू नका.

तिसरा निर्णय: वेग

सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि उपाय सर्वांत सोपा आहे.

त्या काळी कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवत. सेकंदाला साधारण 16 च्या आसपास चित्रे टिपली जात. बोलपट आल्यावर हा आकडा 24 वर स्थिरावला. 16 च्या वेगाने टिपलेले 24 च्या वेगाने दाखवले की माणसे पळतात, हात झटकतात, रडणेसुद्धा हास्यास्पद दिसते. प्रेक्षक हसतात ते फाळक्यांच्या कामाला नाही, दाखवणाऱ्याच्या चुकीला.

तुमच्या प्रतीचा वेग असा ओळखा. 35 मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात 16 चित्रे बसतात. म्हणजे 16 च्या वेगाने एका सेकंदाला एक फूट सरकते. ‘राजा हरिश्चंद्र’चे 1,475 फूट त्या वेगाने सुमारे साडेचोवीस मिनिटे चालायला हवेत. तेच 24 च्या वेगाने सव्वासोळा-साडेसोळा मिनिटांत संपतात. तुमची प्रत या दुसऱ्या आकड्याच्या जवळ असेल तर ती धावते आहे असे समजा.

मग एवढेच करा:

- यूट्यूबवर वेगाच्या पर्यायात 0.75 निवडा. 24 ची प्रत त्यामुळे 18 वर येते आणि चालणे माणसासारखे दिसू लागते.
- संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग आणखी बारीक बदलता येत असेल तर 0.67 करून पाहा. तो 16 च्या जवळ जातो.
- अंतिम निर्णय डोळ्यांवर सोडा. पडणारे पाणी, पदराची सळसळ, जिना उतरणारी माणसे पाहा. हे नैसर्गिक दिसले की वेग बरोबर. दांडी हाताने फिरत होती, त्यामुळे एकाच चित्रपटात वेग थोडा कमी-जास्त झालेला आढळेल.

नाशिकजवळच्या एका शाळेत मी स्वतः ही चूक केली होती. मिळाली ती प्रत, मिळाला तो वेग, वर कुणीतरी चिकटवलेले ढणढणाटी संगीत. हरिश्चंद्र तारामतीवर तलवार उगारतो त्या क्षणी मुले खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी तोच शेवट आवाज बंद करून, वेग कमी करून पुन्हा दाखवला. तलवार वर गेली आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी “नको, नको” म्हणाली. तेव्हापासून वेग तपासल्याशिवाय मी एकही मूकपट लावलेला नाही.

चौथा निर्णय: आवाजाचे काय?

मूकपट शांततेत पाहिला जात नसे. पडद्याजवळ वादक बसत, पाट्या वाचता न येणाऱ्यांना कुणी मोठ्याने वाचून दाखवी, प्रेक्षक आपसांत बोलत. ऑनलाइन प्रतींवरचे संगीत मात्र नंतर कुणीतरी जोडलेले असते. तुमच्यापुढे चार पर्याय आहेत:

- पूर्ण शांतता: एकट्याने, पहिल्यांदा पाहताना उत्तम. कुठे दुःख मानायचे, कुठे घाबरायचे हे संगीत सांगत नाही. डोळे स्वतः शोधतात.
- पाट्यांचे वाचन: घरात किंवा वर्गात सर्वांत चांगला पर्याय. पाट्या हिंदी-इंग्रजीत आहेत, त्यामुळे एका व्यक्तीने त्या लगेच मराठीत सांगाव्यात. भूमिका नाटकी करू नका, साधेच वाचा.
- प्रत्यक्ष वादन: तबला, पेटी, बासरी यांपैकी जे जमेल ते. वादकाला चित्रपट आधी किमान दोनदा दाखवा आणि त्याला मध्ये थांबण्याची मुभा द्या. सतत वाजणारे वाद्य प्रसंग गिळून टाकते.
- आधी ध्वनिमुद्रित केलेले संगीत: शेवटचा पर्याय. लोकप्रिय चित्रपटगीते तर नकोतच. लोक गाणे ऐकू लागतात आणि चित्र हरवते.

आता पाहा: नजर कुठे ठेवायची?

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, हा इथे दोष नाही. त्या काळच्या प्रेक्षकालाही ठाऊक होती. कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यान माहीत असतेच, तो बुवा ते कसे रंगवतात हे ऐकायला जातो. मूकपटाकडे तसेच जा. पुढे काय होणार यापेक्षा हे कसे दाखवले आहे, याकडे लक्ष द्या. एकाच बैठकीत सगळे टिपण्याचा प्रयत्न करू नका, तीनदा पाहा.

पहिल्यांदा: चेहरे. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी फाळके थेट कृष्ण दाखवत नाहीत. ते आपली लहानगी मुलगी मंदाकिनी हिला कॅमेऱ्यासमोर आणतात. तिचा चेहरा पडदाभर दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटतात. हसू मावळते, कपाळाला आठी पडते, डोळे विस्फारतात. मग तीच मुलगी मोरपीस लावून कृष्ण होते. हा भाग घाईने पुढे ढकलू नका. एक बाप आपल्या लेकीची ओळख करून देतो आहे, आणि एक दिग्दर्शक प्रेक्षकाला सांगतो आहे की शब्द नाहीत म्हणून घाबरू नका, इथे चेहरा बोलणार आहे. ही दोन मिनिटे नीट पाहिलीत की उरलेला चित्रपट वाचता येऊ लागतो. घरी मुले असतील तर इथे थांबून प्रत्येक भावाला नाव द्यायला सांगा. उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि त्यावरच गप्पा रंगतात.

दुसऱ्यांदा: चौकट. ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवात घ्या. राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो आहे, तारामती जवळ आहे. कॅमेरा एका जागी आहे, माणसे पायापासून डोक्यापर्यंत दिसतात. आजच्या सवयीने हे दृश्य ‘हलत नाही’ असे वाटेल. पण गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यावर मूर्ती हलत नाही, आपली नजरच मुकुटापासून पायांपर्यंत फिरते. इथे तसेच करा. कोण मध्यभागी आहे, कोण कडेला, कोण कुणाकडे पाहते, मागे उभी असलेली माणसे काय करतात? फाळके जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही धंद्यांत त्यांनी हात काळे केले होते, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले होते. आपल्या आजी-पणजीच्या देव्हाऱ्यावर लागलेल्या त्या चित्रांची ठेवण इथे ओळखू येईल.

याच वेळी तारामतीकडे पाहा. ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली आहे. चित्रपटात काम करायला तेव्हा स्त्रिया मिळाल्या नाहीत. संगीत नाटकांतल्या स्त्रीपार्टाची परंपरा जाणणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटायला नको. ‘पुरुष ओळखू येतो का’ हा खेळ न करता हात, मान आणि पदर यांतून भूमिका कशी उभी केली ते पाहा. लगेच नंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे अभिनेते चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री, विक्रम गोखले यांच्या आजी.

तिसऱ्यांदा: जादू. विश्वामित्राच्या यज्ञातल्या ज्वाळांत दिसणाऱ्या शक्ती, अखेरीस प्रकट होणारा देव, कालियाशी पाण्याखालची झुंज. ‘आज संगणकावर याहून चांगले होते’ ही तुलना बाजूला ठेवा आणि विचारा: एक कॅमेरा हाताशी असताना हे केले कसे असेल? दोन युक्त्या माहीत असल्या तरी पुरे:

- थांबवून सुरू करणे: कॅमेरा थांबतो, बाकीचे जागेवर स्तब्ध राहतात, नवे पात्र चौकटीत येऊन उभे राहते, कॅमेरा सुरू होतो. पडद्यावर ते ‘प्रकट’ होते. नीट पाहिलेत तर बाकीच्यांचा हात किंवा पदर किंचित जागा बदललेला दिसेल.
- दुहेरी टिपण: तीच फिल्म मागे घेऊन दुसऱ्यांदा कॅमेऱ्यातून फिरवायची. आरपार दिसणारी आकृती अशी येते.

ही कामे फाळके एकट्याने करत नव्हते. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडणे, ती धुणे, रोज साऱ्या कंपनीचा स्वयंपाक या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके होत्या. पडद्यावर त्यांचे नाव दिसत नाही, म्हणून पाहण्याआधी प्रेक्षकांना त्यांचे नाव जरूर सांगा.

या चुका टाळा

- ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता’ या वादात संध्याकाळ घालवू नका. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मे 1912 मध्ये दाखवला गेला. तो आधीचा, हे खरे. तो नाटकाचे चित्रीकरण होता, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद. दोघांचाही मान ठेवा आणि चित्रपट सुरू करा.
- भाषण आधी, तेही पाच मिनिटांत. सगळी माहिती आधी ओतली तर डोळे थकतात. उरलेले पाहून झाल्यावर सांगा.
- खोलीत उजेड ठेवू नका. जुन्या प्रतीत छटा आधीच फिक्या असतात. पडदे ओढा, मोबाइलवर सामूहिकपणे दाखवू नका.
- सलग तासभर लावू नका. वीस-पंचवीस मिनिटे, मग गप्पा, मग पुढचा भाग. मुलांसाठी तर पंधरा मिनिटेच.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

- चित्रपटाचा कॉपीराइट: कॉपीराइट कायदा, 1957 नुसार चित्रपटाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे संरक्षण असते. फाळक्यांच्या मूकपटांची मुदत कधीच संपली आहे. ते दाखवायला, त्यावर लिहायला, त्यातली चित्रे छापायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.
- संगीताचा कॉपीराइट वेगळा: अलीकडे जोडलेले संगीत किंवा नव्याने लिहिलेल्या पाट्या यांवर त्या-त्या निर्मात्याचा हक्क असू शकतो. म्हणून आवाज बंद करून स्वतःचे वादन वापरणे हा सुरक्षित मार्ग.
- शाळा-महाविद्यालय: विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्याच प्रेक्षकांसमोर संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे. मुख्याध्यापकांनी बिचकण्याचे कारण नाही.
- सर्वांसाठी खुला किंवा तिकिटाचा खेळ: सार्वजनिक प्रदर्शनाला सिनेमॅटोग्राफ कायदा, 1952 लागू होतो. तो कॉपीराइटपेक्षा वेगळा आहे. असा कार्यक्रम असेल तर आधी लेखी चौकशी करून घ्या.
- चांगली प्रत हवी असल्यास: पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे, म्हणजे आताच्या एनएफडीसी-एनएफएआयकडे, संस्थेच्या पत्रावर अर्ज करा. चित्रपट मुक्त असला तरी संग्रहालयाच्या प्रतीसाठी त्यांच्या अटी असू शकतात. कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी विचारा.

माळ्यावर जुने रीळ सापडले तर

हा प्रश्न नाशिककरांनी मनावर घ्यावा असा आहे. ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो याचे कारण रिळे कुणीतरी जपली, आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे जाऊन ती मिळवली. तुमच्या घरी, जुन्या थिएटरच्या कोठीत, गावोगाव खेळ करणाऱ्या एखाद्या आजोबांच्या पेटीत डबा सापडला तर:

1. रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते.
2. आगीपासून दूर ठेवा. 1950 च्या आसपासपर्यंत वापरात असलेली 35 मिलिमीटरची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते; एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. देवघर, स्वयंपाकघर, पत्र्याखालचा माळा, उन्हात उभी गाडी, यांपैकी कुठेही ठेवू नका.
3. कडेवर ‘सेफ्टी’ असा शब्द छापला आहे का पाहा. असेल तर धोका कमी. नसेल तर ती नायट्रेट आहे असेच समजा.
4. पुसू नका, उलगडू नका, कुरिअरने पाठवू नका. डब्याचे आणि त्यावरच्या लेबलचे मोबाइलवर फोटो काढा आणि संग्रहालयाला कळवा.
5. भंगारात देऊ नका. फिल्ममधल्या चांदीपायी कितीतरी चित्रपट असेच संपले.

पाहून झाल्यावर

दुसऱ्या दिवशी सवड असेल तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात जा. चित्रपट आधी आणि स्मारक नंतर, हा क्रम ठेवा. मंदाकिनीचा चेहरा पाहून आलेल्या मुलांना तिथे फाळके हे नुसते पुरस्काराचे नाव राहत नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले, हेही त्यांना तिथेच सांगा.

आणि त्याच संध्याकाळी, पडदा गुंडाळण्याआधी आणखी एक काम करा. घरातल्या किंवा सोसायटीतल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा की त्यांनी पहिला सिनेमा कुठे पाहिला होता. जत्रेतला तंबू, जमिनीवरची बैठक, रीळ तुटल्यावर होणारा आरडाओरडा असे काहीतरी निघेल. मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू ठेवा, नाव आणि तारीख लिहून ठेवा. चित्रपटांची रिळे पुष्कळ गेली. ती पाहणाऱ्यांच्या आठवणी अजून घरात आहेत, त्या विचारून घ्यायला उशीर करू नका.